बुशक्राफ्टचा सराव दर वेळी का बारगळतो? कोल्हापूरकरांसाठी तपासणी आणि उपाय

बुशक्राफ्ट म्हणजे रानात थोडक्या साधनांवर निभावून नेण्याचं कसब. त्यासाठी फेरो रॉड, म्हणजे ठिणग्या पाडायची कांडी, घेतलेला असतो. चाकू आलेला असतो. ताडपत्री, दोरी, स्टीलचा मग असं सगळं सॅकेत भरून माळ्यावर गेलेलं असतं आणि दिवाळीनंतर ते खाली आलेलं नसतं. ग्रुपवर अधूनमधून ‘ह्या रविवारी गगनबावडा फिक्स’ असा मेसेज पडतो. शनिवारी संध्याकाळी एकाकडं वास्तुशांत निघते, दुसऱ्याची फौंड्रीतली शिफ्ट बदलते, तिसरा ‘पाऊस लई हाय रे’ म्हणतो आणि प्लॅन पुढच्या रविवारवर जातो. पुढच्या रविवारी तेच.

कारण विचारलं तर दोनच उत्तरं येतात: वेळ नाही आणि जागा नाही. माझ्या मते दोन्हीचं मूळ एक आहे. आपण सराव आणि सहल यांची एकच मोट बांधतो, त्यामुळं सहल बारगळली की सरावही बारगळतो. आणि सहल झाली तरी सराव होतोच असं नाही. गगनबावडा शहरापासून साधारण ५५ किलोमीटर, दाजीपूर ८०च्या आसपास. वाटेत मिसळ, कुणाचं तरी पेट्रोल, कुणाची तरी वाट बघणं. पोचायला अकरा वाजतात. जेवण आणि परतीचा प्रवास वजा केला तर चाकू हातात राहतो तासभर, आणि त्यातला निम्मा वेळ फोटोत जातो. खासबागेत कुस्ती लागते, पण पैलवान तिथं घडत नाही. तो रोज पहाटे गल्लीतल्या तालमीच्या लाल मातीत घडतो. आपल्याकडं मात्र सगळे थेट मैदानात उतरायला निघालेत.

तेव्हा मोट सोडा. कुठलं काम घरात होतं, कुठलं रानाच्या बांधावर आणि कुठलं फक्त जंगलातच, हे वेगळं करा. वेगळं केलं की शेवटच्या गटात फार थोडं उरतं.

‘वेळच मिळत नाही’

गाठी घरात होतात. त्यासाठी डोंगर लागत नाही, कॉटचा पाय लागतो. सुरगाठ आणि निरगाठ बहुतेकांना येते. त्यात आणखी दोन घाला. एक, जी आवळत नाही आणि सरकतही नाही अशी फाशाची, म्हणजे बोलाइन. दुसरी, ट्रकवाले ताडपत्री ताणायला मारतात ती. ही दुसरी बघायची असेल तर गुळाच्या हंगामात मार्केट यार्डात जाऊन गाडी भरताना उभं राहा. ड्रायव्हर दोरीला मधेच एक फास काढतो, टोक हुकातून फिरवून त्या फासातून आणतो आणि अंगाचा भार टाकून खाली ओढतो. दोरीचं टोक आपल्या हातात, पण ताण जवळपास दुप्पट लागतो. पाच-सहा सेकंदांचं काम आहे. मोबाईलवर तीच गाठ दहा वेळा बघून जे डोक्यात शिरत नाही, ते तिथं एकदा बघून शिरतं. मग घरी टीव्ही बघता बघता मारा, डोळे मिटून मारा, दोरी बादलीत भिजवून मारा. गावाकडं गोठा असेल तर अजून सोपं: कासरा, दावं, सोल, प्रत्येकाची बांधायची रीत वेगळी आहे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती सांगायला आवडते.

धार लावणं हेही घरातलंच काम. स्वयंपाकघरातली विळी आणि दोन सुऱ्या ताब्यात घ्या. ओल्या दगडावर पातं साधारण वीस अंशात धरून एका बाजूनं घासत जायचं. पात्याच्या उलट्या बाजूला कडेवर बोटाच्या पेराला बारीक खरखर लागली की ती बाजू झाली, मग दुसरी. खरखर लागायच्या आधीच बाजू बदलत राहिलं तर तासभर घासूनही धार येत नाही. ‘माझा दगडच बाद हाय’ म्हणणाऱ्यांची नव्वद टक्के तक्रार इथं संपते. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला तर धार बरी. ह्यात एक जादा फायदा आहे: विळीला धार लागली की घरातला विरोध निम्मा होतो. कार्बन स्टीलचं पातं असेल तर आपल्या पावसाळ्यात ते बघता बघता गंजतं, तेव्हा पुसून खोबरेलाचं बोट फिरवून ठेवा. आणि चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्महिने ठेवू नका. चामडं दमट राहतं.

बंब असेल तर अर्धा प्रश्न सुटलाच

कोल्हापुरात अजून बऱ्याच घरांत, विशेषतः पेठांमधून आणि खेड्यांत, आंघोळीचं पाणी बंबात तापतं. आग पेटवायचा सराव रोज सकाळी, कुठंही न जाता, ह्याहून चांगला कुठं मिळणार? आणि तो चुकला तर घरचे लगेच सांगतात.

बंबाची रचना बघा. मधून उभा नळा, त्याच्या भोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राख पडायची जागा. जाळ पेटला की नळ्यातली गरम हवा वर जाते आणि खालून थंड हवा ओढली जाते. म्हणून राखेची जागा मोकळी नसेल तर बंब धुमसत बसतो. उघड्यावरच्या आगीलाही हाच नियम आहे, फक्त तिथं तो दिसत नाही. ओल्या मातीवर थेट पेटवलेली शेकोटी विझते, कारण खालून वारा नाही आणि वर ओल चढते. चार काटक्यांची बैठक घालून तीच पेटवली तर धरते.

नियम दोनच ठेवा. रॉकेल आणि प्लास्टिकची पिशवी बंद. काडेपेटीतली एकच काडी. (पिशवी बंद म्हटल्यावर घरोघरी काय गोंधळ उडतो ते बघण्यासारखं असतं, बंब पेटवायचा म्हणजे दुधाची पिशवी, असं एक अख्ख्या पिढीचं समीकरण आहे.) आता लाकूड जाडीप्रमाणं तीन ढिगांत लावा: काडेपेटीच्या काडीएवढं, पेन्सिलीएवढं, अंगठ्याएवढं. बारीक ढीग तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट लागतो. पेटवायच्या आधी सगळे ढीग हाताशी हवेत. जाळ धरल्यावर लाकूड शोधायला उठलात की तो गेला.

पुढची पायरी म्हणजे ढलप्यांची काडी. अंगठ्याएवढं सुकं, सरळ रेषेचं लाकूड घ्या, गाठ नसलेलं. एक टोक पाटावर टेकवा, पातं जवळजवळ आडवं धरून वरून खाली न्या आणि टोकाच्या जरा आधी थांबा. पातळ ढलपी सुटते, कुरळी होते, पण तुटत नाही. लाकूड किंचित फिरवून त्याच कडेवर परत. हळूहळू टोकाला कुरळ्या ढलप्यांचा झुपका तयार होतो. ढलपी तुटून पडत असेल तर तुम्ही मनगटानं कापताय. मनगट ताठ ठेवा आणि खांद्यातून हात खाली आणा. ढलपी जाड येत असेल तर पातं फार उभं आहे. पावसाळ्यात वरून भिजलेलं लाकूड फोडून आतल्या सुक्या गाभ्याच्या अशा चार-पाच काड्या केल्या तर बंब पेटतो, आणि बंब पेटला तर आंबा घाटातही पेटेल.

ठिणगी धरायला काय वापरायचं ह्यावर फार चर्चा होते. नारळाच्या शेंडीचा काथ्या पिंजून वापरा, आपल्याकडं फुकट आहे. काटेसावरीचा कापूस मार्च-एप्रिलमध्ये बोंडं फुटली की वाऱ्यावर उडत असतो. तो फेरो रॉडच्या ठिणगीला झटकन पेटतो, पण तितक्याच झटकन संपतो, म्हणून काथ्यात मिसळावा लागतो. ठिणगी धरून ठेवायची असेल तर जळका कपडा करा. बुटाच्या पॉलिशची रिकामी डबी स्वच्छ करा, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडा, आत जुन्या सुती धोतराचे किंवा बनियनचे तुकडे घाला आणि डबी बंबाच्या निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर येतो. धूर थांबला की डबी बाहेर काढा आणि पूर्ण गार होईस्तोवर झाकण उघडू नका. उघडलंत तर हवा लागून आतला कपडा राख होतो. टेरिकॉट चालत नाही, ते वितळतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हा सगळा परिच्छेद कोरडाच आहे. टेरेसवर शेगडी पेटवायची तर सोसायटीला विचारा, आणि ते नाही म्हणतील हे धरून चाला. ढलप्यांच्या काड्या मात्र गॅलरीत पेपर अंथरून होतात. त्या साठवा आणि पुढच्या गावफेरीला घेऊन जा.

‘जागाच नाही’

इथं आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण ‘कोल्हापूरला काय, चारी बाजूंनी जंगल हाय’ ह्या वाक्यानं बऱ्याच जणांची पंचाईत होते.

राधानगरी अभयारण्य हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, १९५८ सालचं; आज त्याचं क्षेत्र साधारण ३५१ चौरस किलोमीटर आहे. तिथं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे: प्रवेश परवानगीनं, आग पेटवणं नाही, झाडाची फांदी तोडणं नाही. दाजीपूरचं जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंदच असतं. चांदोली तर राष्ट्रीय उद्यान आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. अभयारण्याबाहेरचं राखीव वनही मोकळं नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७चं कलम २६ तिथं आग आणि तोड दोन्हीला मनाई करतं. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ह्या पट्ट्यांत अलीकडं संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झालीत. पन्हाळगड पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथल्या तटाजवळ चूल मांडणं म्हणजे दंडाला आमंत्रण. आणि देवराईत तर कायद्याचं पुस्तक काढायचीही गरज नाही. तिथली वाळकी काडीसुद्धा उचलायची नसते, आणि उचललीत तर गाव बघून घेतं.

म्हणजे ज्या जागांची नावं ग्रुपवर पडतात, त्या जवळजवळ सगळ्या चाकू आणि आगीच्या सरावासाठी बाद. ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथं चालायला, ठसे बघायला, झाडं ओळखायला जा. गव्याचा खूर चिखलात कसा उमटतो आणि म्हशीचा कसा, हे दाजीपूरलाच कळतं.

कापायला, तासायला, पेटवायला जागा आहे ती रानाच्या बांधावर. कोल्हापूर शहरात असा माणूस विरळा, ज्याचा करवीर, पन्हाळा, कागल, भुदरगडात एकही पाव्हणा नाही. आणि पाव्हण्याकडं जाणं काही वेगळं काढावं लागत नाही. म्हाईच्या जेवणाला जाताच की. जेवायची पंगत दुपारी एकला बसते, आपण साडेबाराला गाडी लावतो. तीच गाडी सकाळी सातला लावा. बारापर्यंत बांधावर काम करा, हातपाय धुवा, पांढरा रस्सा प्या. बेंदूर, यात्रा, पेरणी, भांगलण, ऊसतोड, वर्षभरात गावाला जायची निमित्तं मोजून बघा. वेळेचा प्रश्न मला तरी जंगलापेक्षा म्हाईनं जास्त सोडवलाय.

परवानगीचा भाग मात्र गंभीरपणे घ्या. भुदरगडात मामाच्या मळ्यात चूल मांडायची म्हणून विचारलं तेव्हा मामा म्हणाला, “पेटव की. पण वाऱ्याचा रोख बघ. पल्याड पाव्हण्यांचा ऊस हाय. त्यो पेटला तर तुझ्या चाकू-बिकूसकट तुला इकून बी भरपाई हुनार न्हाई.” मग त्यानं स्वतः जागा दाखवली: विहिरीच्या कडेला, जिथं मोटर चालू करता येते, पाचट नाही आणि वरून तार जात नाही. जानेवारी ते मे, विशेषतः दुपारी वारा सुटल्यावर, उभ्या उसाच्या किंवा पसरलेल्या पाचटाच्या जवळ आग अजिबात नको. वीतभर खड्डा, भोवतीचं गवत खरडलेलं, शेजारी भरलेली घागर. विझवताना पाणी ओतून काठीनं ढवळा आणि उलटा हात जवळ धरून बघा. ऊब लागली तर परत पाणी.

दुसरी गोष्ट बांधाची. बांधावरचं झाड कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडं दिवाणी न्यायालयात पिढ्यान्पिढ्या चालतो. मामानं ‘तोड’ म्हटलं म्हणून हिरवी फांदी तोडू नका. बांधाच्या पलीकडच्या भावकीला मामावर राग काढायला निमित्त मिळेल. पडलेलं, वाळकं, किंवा घाणेरी आणि रानमोडी घ्या. घाणेरी तोडल्याबद्दल आजवर कुणी कुणाशी भांडलेलं नाही. सरळ दांडा निवडला तर ती तासायला छान असते आणि जितकी काढाल तितकं शेतकऱ्याचं भलं.

बांधावर काय सापडतं

घायपात. कुंपणाला लावलेली, काटेरी टोकाची, कुणी ढुंकून न बघणारी. दोरी शिकायला ह्यासारखं दुसरं काही नाही. खालची, जून झालेली पानं घ्या. कडेचे काटे आणि टोकाची सुई आधी काढा. हातमोजे घाला, कारण रसानं कातडीला चांगलीच खाज सुटते. पान दगडावर ठेवून लाकडी दांड्यानं ठेचा, मग विळ्याच्या बोथट पाठीनं गर खरवडत जा. हिरवा चोथा निघतो आणि खाली पांढरे, लांबलचक धागे उरतात. ते धुऊन सावलीत वाळवा. (पानं दहा-पंधरा दिवस पाण्यात कुजवूनही धागा निघतो, पण ते पिंपात करा. विहिरीत किंवा ओढ्यात कुजवलंत तर पाणी नासतं, मासे मरतात, आणि वास असा की पाव्हणा परत दारात उभं करणार नाही.)

दोरी वळताना धाग्यांचे दोन पेड घ्या. दोन्ही पेड स्वतंत्रपणे एकाच दिशेला पिळायचे आणि एकमेकांवर उलट दिशेला चढवायचे. पीळ सुटायला बघतो, पण एकाचं सुटणं दुसऱ्याला आवळतं, म्हणून दोरी हात सोडल्यावरही उलगडत नाही. उलगडत असेल तर दोन्ही पीळ एकाच दिशेला पडलेत. नवा धागा जोडायचा तो दोन्ही पेडांत एकाच ठिकाणी जोडू नका, तिथंच तुटते.

घायपातीला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, दांडा दोन-तीन पुरुष उंच वर जातो आणि मग झाड मरतं. तो वाळलेला दांडा मिळाला तर सोडू नका. हलका, आतून सच्छिद्र. घर्षणानं आग काढायला पाटीही त्याचीच आणि फिरवायची काठीही त्याचीच चालते. पांगारा, निरगुडी, गिरिपुष्प ही लाकडंही पूर्ण वाळलेली असतील तर बघा. घर्षणाची आग होत नाही, नुसता धूर येतो आणि भुकटी तपकिरी पडते, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा लाकूड दमट असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात हा प्रयत्न करून स्वतःला कमी लेखू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. भुकटी काळी पडली आणि काठी थांबवल्यावरही तिच्यातून धूर येत राहिला, तर ठिणगी धरली.

काही झाडांपासून लांब राहा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. कण्हेरीची काडी कशालाही भाजायला वापरायची नाही, तिचा धूरही नको. बिब्ब्याच्या रसानं अंगावर फोड येतात. खाजकुयलीचं नाव पुरेसं आहे. अळंबी ओळखायचा सराव पुस्तकावरून करून खायचा विचार तर सोडूनच द्या.

पाण्याबद्दल एकच: कॅनॉलचं किंवा रानातल्या ओहोळाचं पाणी उकळून जंतू मरतात, उसावर मारलेलं औषध आणि खताचा अंश जात नाही. उकळायचा सराव करा, प्यायला घरचं पाणी न्या.

‘शिकवणारं कुणी नाही’

गंमत म्हणजे ह्या शहरात शिकवणारे पोतानं आहेत, फक्त ते स्वतःला बुशक्राफ्टवाले म्हणवत नाहीत. बुरूड बांबू चिरतो तेव्हा बघा. कोयता टोकावर बसवून एक ठोका, मग तो बांबूला नाही तर बांबू त्याला आपोआप वाट देत जातो. चीर एका बाजूला पळायला लागली की जाड बाजू वाकवून ती परत मधे आणतो. कामट्या सारख्या जाडीच्या कशा निघतात ते ह्या एका हालचालीत आहे. चप्पल लाईनीला किंवा एखाद्या कारागिराच्या घरी रापी आणि आरी चालताना बघा. चाकूला म्यान हवं असेल तर ऑनलाइन मागवण्याऐवजी त्यांच्याकडून शिवून घ्या, आणि शिवताना शेजारी बसू द्या म्हणून विनंती करा. सणावाराच्या तोंडावर मात्र जाऊ नका, हाताला फुरसत नसते. आणि काहीतरी विकत घ्या. नुसतं ‘शिकवता का’ म्हणून उभं राहणं बरं दिसत नाही.

आग कशी राखावी हे शिकायचं तर गुऱ्हाळ. काहिलीखालच्या चुलवाणात सुकी चिपाडं सारणारा माणूस तासन् तास जाळ एका पातळीवर ठेवतो. रस उकळायला लागेपर्यंत जोर, मळी काढताना आटोक्यात, पाक व्हायला आला की गुळव्याच्या इशाऱ्यावर कमी. लाकूड नाही, कोळसा नाही, भुर्रकन जळून जाणारं हलकं जळण, तरी जाळ ढळत नाही. एकदम भारा न टाकता थोडं थोडं, सतत सारायचं, हे त्यातलं गमक. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. पाव्हण्याच्या ओळखीनं जा, काकवी घेऊन या.

सुगी झाल्यावर मोकळ्या रानात धनगर मेंढरं बसवतात. त्यांच्या पालाची जागा नीट बघा: वाऱ्याकडं पाठ, खोलगटात नाही, ओढ्याच्या काठावर नाही. भिजलेली घोंगडीही अंगाला ऊब देते हे आपल्या महागड्या स्लीपिंग बॅगवाल्यांना त्यांच्याकडून कळेल.

‘पावसानं सगळं बुडवलं’

आपल्या जिल्ह्याची एक सोय लोक वापरतच नाहीत. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळकडं जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतकी तफावत. जुलैत पश्चिमेला धो धो चालू असेल तर प्लॅन रद्द कशाला करायचा? पूर्वेकडं, हातकणंगले-शिरोळच्या बाजूला जा. तिकडं भुरभुर असते आणि सरावाला तेवढा पाऊस उत्तम. ताडपत्रीची धार कुठं ठेवायची, पाणी कुठं साचतं, दोरीवरून ओघळ आत कसा येतो, हे कोरड्या दिवशी कळत नाही. दोरीला ताडपत्रीच्या बाहेर एक सुतळीचा तुकडा बांधून लोंबकळता ठेवा, ओघळ तिथून खाली ठिबकतो.

अट एकच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९कडं चढत असेल तर पूर्वेलाही जाऊ नका. बंधारे आधीच पाण्याखाली गेलेले असतात, रस्ते बंद होत जातात आणि २०१९ला, २०२१ला काय झालं ते शिरोळकरांना विचारा. अशा आठवड्यात टेरेसवर ताडपत्री बांधा.

घरचे, गावचे आणि पोलीस

चाकू कमरेला लावून बाजारातून हिंडू नका. जिल्ह्यात वरचेवर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमाव आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि कोयत्याच्या बातम्यांमुळं पोलिसांची नजर आधीच कडक आहे. चाकू म्यानात, म्यान सॅकेच्या तळाशी, आणि फक्त रानात पोचल्यावर बाहेर. कोयता किंवा कुऱ्हाड लागली तर पाव्हण्याचीच वापरा. ती त्याच्या रानात असणं स्वाभाविक आहे.

अनोळखी शिवारात तर असंच शिरू नका. सॅकवाली दोन पोरं बांधावर दबा धरून बसलेली दिसली की गाव चोर समजतं. मालक बरोबर हवा, किंवा निदान त्याचा फोन लागला पाहिजे. रात्री थांबणार असाल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

पहिला मुक्काम पाव्हण्याच्या मळ्यातच करा, घर हाकेच्या अंतरावर असताना. झोपायची जागा उजेड असतानाच साफ करा. पाचटाचा ढीग, दगडांची रास आणि उंदरांची बिळं जिथं, तिथं घोणस आणि मण्यार असण्याची शक्यता. जमिनीवर उघड्यावर झोपू नका, खाट मागून घ्या, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचा. उठताना आधी टॉर्च, मग पाय. आजरा-चंदगडकडं हत्तींचा वावर असतो आणि पश्चिमेच्या गावांत गवे उसात उतरतात, तेव्हा तिकडं रानात मुक्काम नकोच, घराच्या अंगणात करा. चंदगडच्या खाली दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण २०१६पासून आढळलेत, म्हणून त्या बाजूला उन्हाळ्यात गेलात तर पूर्ण बाह्या, आणि परतल्यावर अंगावर गोचीड तपासणं. साप चावला तर चीर देणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. माणसाला हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. जवळचं असं रुग्णालय कोणतं आणि तिथं रात्री गाडी कुणाची मिळेल, हे मामाला संध्याकाळीच विचारून ठेवा.